ताण

भांडेवाडीच्या प्लांटवर माझी रात्रपाळी.
काचेच्या बाटलीत शहराचा कालचा दिवस भरतो,
वर चिठ्ठी लावतो : तारीख, वेळ, इनलेट.

वासाचं विचारू नका.
बारा वर्षांत तो नाकातून निघून
घड्याळाच्या पट्ट्यात जाऊन बसलाय.
सुलभा म्हणते, घड्याळ बाहेर काढूनच आत या.

पण मला शहर कळतं ते इथूनच.
धुळवडीच्या रात्री पाणी जांभळं येतं,
लग्नसराईत तेलाचा तवंग,
कुणाची तरी चांदीची जोडवी आली होती एकदा
जाळीत अडकून. कुणी न्यायला आलं नाही.
आणि मे महिन्यात पट्टीवर पाणी बोटभर खाली.
कुठं गेलं, साहेब विचारतात.
कुठं जाणार. कूलरच्या ताट्यांतून
हवेत गेलं अर्धं नागपूर.

इथं निवळलेलं पाइपातून कोराडीला जातं.
प्यायला नाही, तिथली आग निववायला.
रिंग रोडवरून पोरगा बोट दाखवतो,
"बाबा, तो ढग काहून तिथंच उभा राह्यते?"
मी सांगतो, आपलाच आहे तो,
आपल्या मोरीतला, परवाच्या वरणाच्या गंजाचा.
तो हसतो. त्याला वाटतं मी फेकतोय.

मग त्या ढगाच्या पायथ्याशी झालेली वीज
तारांवरून जाटतरोडीला येते,
आमच्या खोलीतला पंखा फिरवते,
आणि आई ओरडते,
"अरे संदेश, टाकी पाह्य, पंप सुका फिरून राह्यला!"
मी बादली उचलतो.
नळाचं पाणी पेंचचं. तिकडं वाघानं तोंड लावलेलं,
इथं आम्ही लोखंडी डब्यात ओततो, भसाभस.

काटोलला साळा आहे, दामोदर. संत्र्याची झाडं.
परवा फोनवर म्हणाला, मृगाचा ताण चालू आहे.
म्हणजे पाणी बंद.
ओलिताची नळी गुंडाळून ठेवलेली,
पानं मलूल होऊ द्यायची, गळू द्यायची.
"झाड भेलं पाह्यजे, भाऊजी.
भेलेलं झाड फुलते."
किती दिवस, मी विचारलं.
"झाड सांगते."
आणि जास्त झाला तर?
तो जरा थांबला. मागून बकरीचा आवाज आला.
"मग फुलत नाही. नुसतं वाळते."

तेव्हापासून पट्टीकडे बघताना
उगाच ते वाक्य आठवतं.
रजिस्टरात आकडा लिहितो.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडायचा, असा रिवाज आहे.

सकाळी सातला घरी.
घड्याळ दाराबाहेर, खिळ्याला.
दीड बादलीत अंघोळ, तीही बसून, बेतानं.
पाणी मोरीच्या भोकाशी गोल फिरतं
आणि खाली जातं.
जा, म्हणतो.
रात्री भेटू.