तिसऱ्या दिवसाचं अंडं

लक्ष्मीपुरीतून गावठी अंडी आणायची,
अडतीस अंशांच्या पेटीत मांडायची,
टोकावर शिसपेन्सिलीनं वार लिहायचा :
सोम, मंगळ, बुध.
चोवीस वर्षं हे सदबा कुंभाराचं काम.

प्रॅक्टिकल संपलं, पोरं गेली.
बशीत, कोमट मिठाच्या पाण्यात
एक ठिपका उडत राहिला. लाल, मोहरीएवढा.
"ह्यो कवा थांबतोय?"
सदबाला दिवा मालववेना.

मग मी सांगत बसले, घरी घाई नव्हती :
हॉलंडचा एक कापडवाला
वीण तपासता तपासता भिंगाच्या नादी लागला,
त्याला वीर्यात वळवळ दिसली.
पुढं कुणी त्या शेपटीवाल्याच्या डोक्यात
गुडघे पोटाशी घेतलेला अख्खा माणूस काढला,
टाळूसकट.
बाईनं फक्त नऊ महिने जागा द्यायची.
दुसरे म्हणाले, छे, सगळं आईच्याच अंड्यात :
तिच्यात लेक, लेकीत नात,
पहिल्या बाईच्या पोटात
जगातलं शेवटचं माणूसही तयार, घडी घालून.

सदबा हसला. गणपतीच्या आधी तो रजा काढतो,
गंगावेशीत मूर्ती करतो.
"म्हंजे साच्यातलं काम म्हणा की.
साच्यातनं निघालं तर
सगळ्यांची सोंड येकाच अंगाला वळंल.
हितं बघा, आधी काय न्हाई,
मग रेघ, मग गाठ.
हातानं चाललंय ह्ये."

एवढ्यासाठी ते दीडशे वर्षं भांडले, मी म्हटलं.

त्यानं बशी धुतली नाही.
थोरली लेक कागलहून आलीय,
तीन पोरी घेऊन, सहा महिने झाले.
सासरचे म्हणतात, रानच तसलं,
बियाण्याचा काय दोष.

"बाई, नर का मादी, ठरवतंय कोण?"
"कोंबडीत? आई."
त्याची मान खाली गेली.
"माणसात उलटं," मी घाईनं म्हटलं, "माणसात बाप."

पेटीचा दिवा टक् करून लागला.

"लिहून द्या," म्हणाला.
"कॉलेजचा शिक्का मारून."

कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या, एक खोडली.
दोष कुणाचाच नसतो
हे कुठं बसवायचं कळेना.
शिक्का प्राचार्यांच्या कपाटात, कपाटाला कुलूप.
नुसती सही केली.

त्यानं कागद उजेडाला धरला, अंडं धरतो तसा.
मग घडी घालण्याआधी
कानामागची पेन्सिल काढून
कोपऱ्यात, सवयीनं, वार लिहिला :
शुक्र.