जुनं बेअरिंग

अबू मिशारीनं ते चादरीत बांधून आणलं,
असरच्या नमाजानंतर,
खोबरच्या थुकब्यातल्या आमच्या गाळ्यात,
जिथं बाहेर ट्रकचे रेडिएटर गळतात
आणि आत शिहाब आणि मी
एसीच्या मोटारींचे कोथळे काढत बसतो.

चादर सुटली. आडवं लोखंडी पिंप,
शेवाळी रंगाचं, चाकं नाहीतच,
खाली दोन पट्ट्या, नुसतं घसटत न्यायचं.
नळीवर सुती वीण, मानेपाशी उसवलेली.
मकनसा, तो म्हणाला. बापाची.
कंपनीच्या कॉलनीतला अमेरिकन साहेब परत गेला
तेव्हा घरकामाच्या पोराला देऊन गेला.
तो पोरगा आता नव्वदीला टेकलाय, बिछान्यात.
एकशे दहाचं यंत्र,
पणतवानं दोनशे वीसमध्ये खुपसलं.
एक किंकाळी, मग वास.

तो वास मला डोळे मिटून कळतो. जळलेलं व्हार्निश.
इचलकरंजीत यल्लाप्पा हावळ्यांच्या दुकानात
माझं नाक त्याच वासात मोठं झालं.
मागाच्या मोटारी यायच्या रात्री-अपरात्री
आणि हावळे म्हणायचे, तार तोडू नको,
उलगड. मोज.
जळलेल्या मोटारीलाही आपले वेढे पाठ असतात.

उलगडलं. मोजलं.
शिहाब वहीत पाचापाचाच्या काड्या मारत गेला.
दोनदा चुकलो, एकदा भांडलो.

पिशवी बाहेर नेऊन उघडली.
राखाडी लोकरीसारखी धूळ, तिच्यात वाळू,
पिठाएवढी बारीक, उत्तरेच्या वाऱ्याची,
एक टाचणी, तांदळाचे दोन दाणे,
लाल मेणखडूचा तुकडा.
झटकणार तोच अबू मिशारी म्हणाला, थांब.
मेणखडू तेवढा उचलून खिशात टाकला.
धूळ जाऊ दे, म्हणाला,
धूळ उद्या परत येईल.

कम्युटेटरच्या फटी हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं खरवडल्या.
ड्रिलचे कार्बन घासून घासून बसते केले.
भट्टी नव्हती; शिहाबनं आर्मेचर
बिर्याणी गरम करायच्या ओव्हनमध्ये भाजलं,
दोन दिवस जेवणाला मोटारीची चव.
नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर मेणाचा दोरा.
प्लग लाल रंगवला, पणतवासाठी.
आणि बेअरिंग नवं, जपानी, पदरचं.

चालू केलं. काय सांगू,
लोण्यातून सुरी.
अबू मिशारी मान तिरकी करून ऐकत राहिला.
मग म्हणाला, हे नाही.

काय हे नाही? ओढतंय की!
तळहात लाव तोंडाला, सुटायचा नाही.
ओढतंय, तो म्हणाला, पण बोलत नाही.
बापाला दिसत नाही आता.
त्याला आधी ती घरघर लागते,
मग शीळ.

रागच आला. तेवीस वर्षांचा हात माझा,
आणि नवं काढून झिजलेलं घालायचं?
असलं पाप हावळ्यांनी शिकवलं नव्हतं.
तरी भंगाराच्या डब्यात बोटं फिरवली.
रॉकेलनं धुतलं, ग्रीस भरलं,
भरलं तेही जरा हात राखून.
घरघर.
मग शीळ.
शिहाब हसला. अबू मिशारी हसला नाही,
लगबगीनं चादर शोधायला लागला.
वर्षभर चालेल, मी बजावलं, फार तर.
पुरेल, तो म्हणाला.

जपानी बेअरिंग खणात आहे. त्याचे पैसे लावले नाहीत.

रात्री घरी फोन केला तर मागची खटखट नव्हती.
लाइट गेलीय, बायको म्हणाली, सगळी गल्ली जागी झालीय.
आमच्याकडे असंच. माग थांबले की
झोपलेली माणसं उठून बसतात,
तान्ही रडतात, म्हातारे विचारतात, काय झालं.
मग आम्हीही बोललो नाही फारसं.
फोन चालू ठेवून दोघं
लाइट यायची वाट बघत राहिलो.