हक्कसोड

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला लागून आमचं टेबल.
एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, वर मोठी छत्री.
भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, नावात बदल,
आणि सगळ्यांत जास्त उघडते ती फाईल:
‘हक्कसोड बहीण’.

तिच्यात नावं तेवढी बदलायची,
गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा.
‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय’
हे मी एकदाच टाइप केलंय,
अकरा वर्षांपूर्वी.

आज मोहाडीची झुंबरबाई आली.
आली म्हणजे आणली.
दोन भाऊ, एक भाचा, पांढरी बोलेरो.
मांडीवर पिशवी, पिशवीत येवल्याची साडी,
घडी न मोडलेली.

वय? मी तिला विचारलं.
छप्पन्न, थोरला भाऊ म्हणाला.
शिक्षण?
चौथी, धाकटा म्हणाला.
वाचून दाखवू?
यावर कोणीच बोलेना, म्हणून वाचलं.

‘पूर्वेस ओहोळ’ आलं तेव्हा ती हलली.
“ओहोळ बुजवला की. थॉमसन आहे आता तिथं.
पहिली काडी मीच लावली, लग्नाच्या आदल्या साली.”
“ताईला सगळं आठवतं,” भाऊ हसला.
नवरा गेल्यापासून ती त्याच बागेत जाते,
विरळणीला, रोजाने.
गड्याला पाचशे, बाईला तीनशे.
बहीण म्हणून वर चहा.

निबंधकाच्या खोलीत अंगठ्याचं यंत्र.
ठेवा.
लाल.
पदराला पुसा, ठेवा.
लाल.
कारकुनाने तिचा हात उजेडात धरला.
घड औषधात बुडवून बुडवून
बोट नुसतं गुळगुळीत,
नदीतल्या गोट्यासारखं.
दुसरं बोट. तिसरं.
दहाही झाली.
“साहेब, आमची सख्खी बहीण आहे,
आम्ही सांगतो ना!”
“तुम्ही सांगून उपयोग नाही.
रात्री तेल चोळा, उद्या आणा.”

खाली, भाऊ गाडी काढायला गेले तेव्हा
ती माझ्या टेबलाशी थांबली.
“बाई, ते मघाचं,
दडपणाशिवाय म्हणून वाचलं ते.
तेवढं खोडता येईल?
बाकी राहू दे.”

मी म्हटलं, ते खोडलं तर
कागदच होणार नाही.

“अस्सं,” ती म्हणाली.
बराच वेळ उभी राहिली.
मग हॉर्न वाजला.

पिशवी टेबलाखालीच राहिलीय.
विसरली की ठेवली, सांगता येत नाही.
पायाला लागते अधूनमधून.

माझाही कागद झालाय, याच फाईलमधून.
पाथर्डी फाट्याचा दीड गुंठा, भावाच्या नावे.
माझा अंगठा पहिल्याच वेळी उमटला होता.
हिरवा.
टाइप करणाऱ्या बाईची बोटं
चांगली शाबूत असतात.