साठच्या वर

कुओपिओच्या भंगारबाजारातून हिल्कानं
बर्फगाडीवर बांधून आणला
ढेरपोट्या काचेचा टीव्ही.
"सपाट पडदा उशीर करतो.
पापणीभर. पण करतो."

कार्ट्रिजच्या पितळी दातांवर स्पिरिटचा बोळा;
करड्या डब्याचा लाल दिवा
लुकलुकला, मग ठरला.
शेजारी अंडी उकडायचं घड्याळ.

तिसऱ्या खंदकाशी उडी चुकली.
पुन्हा.
अंगठ्याला फोड. पुन्हा.
भिंतीला पाठ लावून मारलेली उडी
दोन सेकंद वाचवते, असं कळलं होतं;
तिचे त्यात तीन जीव गेले.

हा किल्ला एकोणीस मिनिटांत पार करणारे आहेत.
हिल्काचं घड्याळ साठाला खणखणलं
तेव्हा राक्षस अजून हसतच होता.

केव्हातरी तोही पडला.
वहीत तारीख,
पुढे "साठच्या वर",
आणि उद्या आणायचं: मोठं घड्याळ.