विसण

तीन दिवस गरम पाणी कोमट आलं.
कोमट म्हणजे
नळाला ताप आहे की नाही हेच कळू नये इतकं.

शालन काही बोलली नाही.
बादली भरायची, बोटं बुडवायची,
आणि ती बोटं माझ्यासमोर पदराला पुसायची.
इतकंच.

उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर उभा होतो मी.
अर्ध्या सुताचा फरक नुसत्या डोळ्यानं सांगतो.
घरात प्लंबर बोलवायचा म्हणजे
पैलवानानं शेजाऱ्याकडून लंगोट कसून घ्यायचा.

म्हणून रविवारी गच्चीवर गेलो,
पाना, सुतळी, सफेदा.
सोलरमध्ये थंड पाणी शिरतं त्या जोडावर
थेंब धरत होता.
तिथं एक पितळी तुकडा, मुठीत मावेल एवढा,
अंगावर बाण कोरलेला.
काढून हलवला, तर आत नुसता खुळखुळा.
म्हटलं, हे कशाला?
पाण्याला कुठं मागं जायचंय?
त्याच्या जागी स्वतः कातलेलं निप्पल बसवलं,
आटे असे, की बघत राहावं.
थेंब थांबला.
खाली येऊन दोनदा सांगितलं, थेंब थांबला.

सोमवारी नळ्या पुसल्या.
फडकं काळं झालं, पाणी तसंच.
मंगळवारी हवा अडकली असेल म्हणून
मोरीतल्या नळाला तोंड लावून फुंकलं,
सहासष्टाव्या वर्षी, गाल फुगवून,
आणि दार लावायचं राहिलं होतं.
मुलगा पुण्याहून म्हणाला, बाबा, कंपनीला फोन करा.
मी फोन ठेवला.
बुधवारी म्हणालो, नदीवरून धुकं येतंय,
उन्हातच जोर नाही.
संध्याकाळी शालननं गच्चीवरून सांडग्यांचं सूप आणलं
आणि माझ्यापुढं ठेवलं.
कडकडीत वाळलेले.

खालच्या खोलीत यास्मिन मुल्लाणी भाड्यानं राहते.
नर्स आहे, रात्रपाळी करून साडेसातला येते.
गुरुवारी जिन्यात थांबली, चपला हातात घेऊन.
"मामा, रागावू नका,
पण आमच्या फ्लशच्या टाकीत गरम पाणी येतंय.
रविवारपासनं. चांगलं कढत.
मला वाटलं, थंडीची तुम्हीच सोय केलीसा."

मी पायरीवरच बसलो.
दिवसभर गच्चीनं गोळा केलेलं ऊन
माझ्याच देखण्या आट्यांतून
एक थेंब न सांडता
मागं जात होतं, आणि खाली,
ज्या कामाला जात होतं
ते उद्यमनगरात कुणाला सांगण्यासारखं नाही.

तो तुकडा हत्यारांच्या पेटीत नव्हता.
डब्यात नव्हता, माळ्यावर नव्हता.
शालननं फडताळातून काढून दिला,
हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारून.
"पितळ दिसलं, म्हणून चिंचेनं घासलं."
हलवला. खुळखुळा नाही.
एका बाजूनं फुंकलं, वारा गेला.
उलट्या बाजूनं फुंकलं,
आत काहीतरी टक्कन मिटलं.

बाण बघून बसवला.
सायकलच्या जुन्या ट्यूबचं वायसर कापलं.
जोड आता पुन्हा थेंब धरतो.
धरू दे, खाली डालड्याचा डबा ठेवलाय.
निप्पल खिशात आहे,
हात गेला की अजून आटे मोजतो.

शुक्रवारी सकाळी मोरीतून आवाज आला,
चढा, भांडखोर,
आठवड्यातला पहिला:
"अहो, भाजलं की! विसण आणा!"
थंड पाण्याचा मोरीकडचा कॉक
उघडायचा मी विसरलो होतो.

पिंपातून तांब्या भरला.
दाराच्या फटीतून वाफ बाहेर येत होती.
पायाला लागली.
मी जरा वेळानं कडी वाजवली.