उजवा दिवा

उजव्या दिव्यात पाणी धरलं होतं.
फार नाही, बशीभर,
पण रात्री आसूदच्या उतारावर
समोर रस्ता दिसायचा नाही,
ताक सांडल्यासारखं काहीतरी दिसायचं.

दापोलीतला पोरगा म्हणाला, काका, नवाच टाका, साडेचार हजार.
मी आगारात एकतीस वर्षं एसटीचे दिवेच केले.
त्या काचा होत्या. रबरी कड्यात बसायच्या,
अंगठ्याने दाबलं की निघायच्या.
हे प्लास्टिक. कडेने काळा गोंद,
कुणी उघडू नये म्हणूनच भरलेला.

बंपर काढताना दोन क्लिपा मोडल्या.
खालचा बोल्ट पान्याला लागला आणि विरघळला,
बोल्ट कसला, तपकिरी मीठ.
दिवा टॉवेलात गुंडाळला आणि हर्णैला गेलो, हमीदच्या बेकरीत.
सकाळचे पाव निघून गेले होते, भट्टी उतरलेली.
हमीदने आत हात घातला, वीसपर्यंत मोजले.
"आता यात टोस्ट नुसते वाळतात," म्हणाला, "ठेव."

सात मिनिटं.
मग पिठाच्या टेबलावर दिवा, कोपऱ्यात चपटा स्क्रूड्रायव्हर,
आणि गोंद निघाला तो फणसाच्या चिकासारखा,
तारा धरत, बोटं न सोडत.
सवयीने खोबरेल मागितलं.
लगेच आठवलं,
तेल लागलं तर नवा गोंद धरणार नाही.

काच सुटली.
आत चिमूटभर पुळण.
आणि मागच्या आरशावर, खालून तीन बोटं वर,
आडवी, पांढरी, जराशी वाकडी
भरतीची रेघ.

पावसाचं पाणी अशी रेघ ठेवत नाही.
दिवा जमिनीपासून किती उंच? माझ्या मांडीएवढा.
म्हणजे चाकं पाण्याखाली. म्हणजे कर्द्याची पुळण,
रात्र, आणि उलटं फिरणारं पाणी.

केतन तेव्हा बारावीला.
त्या मे महिन्यात त्याने गाडी विहिरीवर
दोनदा धुतली, न सांगता.
मी खूश होऊन त्याला दोनशे रुपये दिले होते.

हमीदने रेघ पाहिली
आणि ट्रे पुसायला आत गेला.
ट्रे पुसलेलेच होते.
मला त्याच्या धाकट्याचा ट्रॅक्टर आठवला,
मी विचारलं नाही.

घरी पुळण कागदावर झटकली, कणभर जिभेवर ठेवली.
बायको म्हणाली, आता काय दिवा खाताय?
काचेचं पिवळेपण पाणकागदाने घासलं,
आठशे, पंधराशे, दोन हजार,
हळदीचं हात धुतल्यासारखं पाणी गेलं पन्हाळीतून.
रेघ मात्र तशीच.
त्या आरशावर चमक असते ती फुंकरीएवढी पातळ,
बोट फिरवलं की रेघ जाईल
आणि तिच्याबरोबर उजेड.

जुना गोंद खरवडला, खाचेत नवा भरला,
पुन्हा हमीद, पुन्हा सात मिनिटं.
काच दाबून बसवली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या,
जिथे पट्टी पुरली नाही तिथे कपड्यांचे चिमटे.
बायको म्हणाली, मागचं ते भोकही बुजवा की.
म्हटलं, नको, त्याला श्वास लागतो.

रात्री मस्कतहून फोन आला.
तो तिकडे क्रेन चालवतो, बंदरावर.
जेवण, उकाडा, रजेचं अजून नक्की नाही.
मी म्हटलं, उजवा दिवा उघडला होता.
तिकडून काही आलं नाही.
मला वाटलं फोन कटला.
मग म्हणाला, काय निघालं?
"काही नाही. पाणी होतं."
"पावसाचं असेल."
"असेल."

मग खळ्यात गाडी लावून दिवे पेटवले.
पडवीच्या भिंतीवर उजेड स्वच्छ पडला,
पण उजवा डाव्यापेक्षा चार बोटं वर,
थेट माडाच्या झापावर.
मागे एक स्क्रू असतो, तो फिरवला की खाली येतो.
उद्या बघू.