छाट

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यामागे,
जिथे आधी सुताचे कोन ठेवायचे
त्या खोलीत आता बारा डिस्क राहतात.
बत्तीस वर्षांची डिझाइनं आहेत त्यांच्यात:
मोर, जाळी, कमळाची किनार,
आणि एका जर्मन गिऱ्हाइकानं नाकारलेला हत्ती.

मे महिना. रात्री अकरालाही पत्रा तापलेला.
एसी बादलीत टपकतोय.
कंट्रोलरला विचारलं, कसं काय?
तो म्हणाला, सगळं ठीक.
हिरवा दिवा, एक ओळ, विषय संपला.

कंट्रोलर म्हणजे घरातला कर्ता माणूस.
दारात उभा राहून सांगतो, आमच्याकडे सगळे मजेत,
आणि मागे कोण पडून आहे ते दिसू देत नाही.
त्याला ओलांडून आत जावं लागतं,
एकेकीला नंबरानं हाक मारावी लागते.
शून्य, बोल.
एक, बोल.
इथली मोजणी शून्यापासून, हे विसरून
चिप्पांच्या व्यंकटेशनं मागच्या वर्षी भलतीच उपसली होती
आणि तीन दिवस कुणासमोर डबा उघडला नव्हता.

सहा, बोल.
चालू तास: एकेचाळीस हजार.
तापमान: एक्कावन्न.
बदललेल्या जागा: आठशे बारा.
गेल्या सोमवारी एकोणीस होत्या.
निकाल: पास.

पास!

एखादी जागा कुजली तर डिस्क बोभाटा करत नाही.
राखून ठेवलेल्यातली एक कोरी जागा काढते,
मजकूर तिकडे हलवते, फिरत राहते.
राखीव संपेपर्यंत कुणाला पत्ता नाही.

अम्मा हजार विड्यांवर तीस जास्तीच्या वळायची.
कारखान्यात चेकर चिमटीत धरून बघायचा:
ही सैल, हिचं तोंड नीट मिटलं नाही, छाट.
छाटलेल्या त्याच्या डब्यात जायच्या,
तिथून पुढे कुठे, ते आम्ही विचारायचो नाही.
हजार भरल्या की भरल्या.
वरच्या तीस कुठून आल्या, रात्री किती वाजता आल्या,
याला कार्डावर रकाना नव्हता.

अजून वळते. फोन केला की म्हणते, बागुन्ना.
एका विडीला दोरा गुंडाळून दुसरं पान उचलेपर्यंत
जेवढा वेळ असतो, तेवढ्यात म्हणते.

साडेअकराला सहा नंबरला सांगितलं, तुझा दिवा लुकलुकव.
लुकलुकला.
तरी डावीकडून बोटानं दोनदा मोजलं, शून्यापासून.
ओढली. हातात गरम,
तव्यावरून नुकती उतरलेल्या भाकरीसारखी.
नवी सरकवली.
आता उरलेल्या अकरा जणी मिळून
सहावीला काय काय आठवत होतं ते जुळवणार.
चौदा तास.
तेवढ्यात आणखी एखादी गेली तर
मोर गेले, जाळी गेली, हत्तीही गेला.
गेटवर जाऊन कुल्लोळी सिद्रामना विचारलं,
जनरेटरात डिझेल आहे ना?
ते म्हणाले, हाय की ओ, भरपूर.
मी झाकण उघडून काडी घालून बघितलं.

चार टक्के.
नऊ.
मध्ये डुलकी लागली. सतरा.

पाचला अम्मा उठते, तेव्हा फोन लावला.
कशी आहेस, असं नाही विचारलं.
विचारलं, नळापासून दारापर्यंत घागर कितीदा टेकवतेस?
गप्प.
मग विचारलं, झोपताना उशा किती घेतेस?
पलीकडे बादलीत पडणारं पाणी,
विडी घरकुलातला कुणाचा तरी कोंबडा.
तीन, ती म्हणाली.
आणि संक्रांतीला?
एक.

अडतीस टक्के.
डिझेलच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकली,
खाली लिहिलं: एक, तीन.
पट्टी सापडली नाही,
पुढचा रकाना हातानंच ओढला, वाकडा.